पलीकडचा गुडघा

आईच्या मृत्यूला दोन वर्षं झाल्यावर येणाऱ्या तिसऱ्या स्मरणविधीचं सूत्रपठण आटोपून भिक्षू गेले. त्यांची छोटी पांढरी गाडी कांद्याच्या शेतांमधून वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा तात्सुहिकोने गळ्यातला काळा टाय सैल केला. सकाळपासून तो या वेळेची वाट बघत होता आणि तिला घाबरतही होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, आवाजी बेटावरच्या जुन्या बाहुली-मंडळीचा प्रमुख, आणि भीती कसली, तर पोटच्या पोरीने लिहिलेल्या कादंबरीची.

कादंबरी अजून बाजारात आली नव्हती. ओसाकाच्या प्रकाशकाने कच्ची छपाई करून बांधून दिलेली एकुलती एक प्रत चिनात्सुने महिन्यापूर्वी आजोबांना पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती, 'आजोबा नको म्हणाले तर छापणार नाही.' उद्या सोमवारी सकाळी तिला प्रकाशकाला हो की नाही ते कळवायचं होतं. सेइगो आजोबांनी महिनाभर त्यावर चकार शब्द काढला नव्हता. घरातल्या बाकीच्यांनी मात्र ती प्रत त्यांच्या खोलीतून एकेक करून पळवली, वाचली, जागच्या जागी ठेवली, आणि प्रत्येकाची समजूत अशी की आपण एकट्यानेच वाचली.

गोष्ट जुनी, आमच्याच मंडळीची. 'नावाड्याची बायको' हे नाटक या घराने दोनशे ऐंशी वर्षं केलं आहे. शत्रूचे शिपाई सरदाराच्या लपवलेल्या मुलाला शोधत नावाड्याच्या झोपडीत येतात, आणि नावाडी आपल्याच मुलाला सरदारपुत्राचे कपडे घालून त्यांच्या हवाली करतो. त्यानंतर अर्धा तास नावाड्याचा शोक चालतो. बायको तेवढा वेळ देवघराकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून बसलेली. तिला सबंध नाटकात वाक्य एकच. 'गारठा आहे, पोराच्या अंगात काहीतरी घाला.'

चिनात्सुने हे सगळं उचलून मुख्य भूमीला जोडणारा पूल होण्याआधीच्या बेटावर आणून ठेवलं होतं. नावाडी झाला फेरीबोटीचा कप्तान, सरदार झाला बोटींचा मालक. मालकाच्या दारू प्यायलेल्या मुलाच्या हातून बोट धक्क्यावर आदळते, एक माणूस दगावतो, आणि कप्तान आपल्या मुलाला सांगतो, सुकाणू तुझ्या हातात होतं असं म्हण. तीनशे पानं बोलते ती फक्त बायको, तिकिटाच्या खिडकीत बसणारी. तिची तक्रार नाही, रडगाणं नाही. सुटे पैसे मोजून द्यावेत तशी ती एकेक गोष्ट पुढे सरकवत जाते. मी मंडळीतलाच एक; मी स्वतः नंतर ती एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेलो नाही. तात्सुहिकोलाही ती आवडली होती, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट असती तर सोपं होतं.

"मासुयो," तो बहिणीला म्हणाला, "जरा बस. तुझ्याशी बोलायचंय."

मासुयो उभ्यानेच थंड शेवया खात होती. बाहेर तिच्या शेतात कांदा काढायला आला होता, आणि आईच्या विधीसाठी तिने अर्धा दिवस मोडला होता. मंडळीची पोथी गाणारी तीच. तिच्या आवाजावर नावाडी रडतो आणि प्रेक्षक नाक शिंकरतात.

"बोल की. कान मोकळे आहेत माझे."

"चिनाला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"उगाच वेड पांघरू नकोस. तू वाचलंयस. एकशे बाराव्या पानात कांद्याचं साल सापडलं मला."

मासुयोने वाटी खाली ठेवली. "बरं, वाचलं. आणि सोया सॉसचा डाग कुणाचा आहे दोनशे चाळीसाव्या पानावर? माझ्या कांदाचाळीत सोया सॉस नसतो."

दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

योशिनो आत ताटल्या पुसत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. या घरात सून होऊन तिला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात ती एक गोष्ट पक्की शिकली होती, की बहीण-भाऊ भांडायला लागले की आपण पाणी सोडून भांडी घासावीत. आज मात्र भांडी संपली होती.

"डाग माझा आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "स्वयंपाक करता करता वाचत होते. बटाटे करपले त्या दिवशी. तुम्हीच म्हणालात ना, अहो, की आज भाजीला धुराचा वास येतोय?"

"म्हणजे तू सांगितलंस तिला."

"मी काय सांगणार? मला तरी कुठे कुणी काही सांगितलंय? सासूबाईंच्या अंत्यविधीला तुम्ही मला पाहुण्यांच्या वहीशी बसवलं होतंत, तिथे एका पाहुण्याचं कपाळ हुबेहूब तुमचं, तेव्हा मला कळलं."

त्या दिवशीचं कुणीच काही बोलत नसे. तेव्हा चोपन्न... नाही, बावन्न वर्षांचा एक माणूस ओसाकाहून आला होता. त्याने वहीत परक्या आडनावाने सही केली, उदबत्ती लावली, पाहुण्यांना देतात ती चहाची पिशवी घेतली, योशिनोला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. तो हारुओ. तात्सुहिकोचा पाठचा, मासुयोचा थोरला. नऊ वर्षांचा असताना त्याला ओसाकाच्या गुरुघराण्याला दत्तक दिलं होतं. गुरूंना मुलगा नव्हता. बेटावरची मंडळी बंद पडायला आली असताना त्यांनी स्वतःच्या संग्रहातली बाहुल्यांची वीस जुनी शिरं दिली होती, आपली माणसं पाठवून दोन हंगाम शिकवलं होतं. मग एक दिवस त्यांनी मूल मागितलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आमच्याकडे कलेच्या घराण्यात मुलं अशी दिली जातात, त्यात जगावेगळं काही नाही, असंच सगळे तेव्हा म्हणाले.

"वहिनीवर ढकलू नकोस, दादा," मासुयो म्हणाली. "मीही नाही सांगितलं. पण सांगितलं असतं तरी बिघडलं काय? पुस्तक वाचताना मी कांदाचाळीत बसून रडलेय. कामाला आलेल्या बायकांना वाटलं कांद्याने रडतेय. पंचवीस वर्षं मी त्या नावाड्याचा शोक गातेय, आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही की ती बाई काय करत असेल. आपल्या पोरीला पडला. मान ताठ झाली माझी."

"मी कुठे म्हणतोय वाईट लिहिलंय? उत्तम लिहिलंय. एवढं उत्तम, की बेटावरचं कुठलंही जुनं माणूस ओळखेल कप्तान कोण ते. बाबा एक्याऐंशीचे आहेत. पुढच्या महिन्यात देवळाच्या उत्सवात त्यांना रंगमंचावर उभं राहायचंय. लोक बाहुलीकडे बघतील की त्यांच्याकडे?"

योशिनो इथपर्यंत नवऱ्याच्या बाजूने होती. तिलाही वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवरची खपली आता कशाला काढायची. आजच चिनात्सुला बाजूला घेऊन, पोरी, वर्षभर थांब, असं सांगायचं तिने ठरवलंही होतं.

"आणि त्या बाईचं एवढं काय," तात्सुहिको पुढे म्हणाला. "एका वाक्याची भूमिका. तिला तीनशे पानं."

योशिनोने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "एका वाक्याची," ती म्हणाली. "माझी किती वाक्यं आहेत हो, या घरात?"

"तुझा काय संबंध?"

"काही नाही. मोजून सांगा कधीतरी. छापू द्या पुस्तक. मी मासुयोताईंच्या बाजूची."

मासुयोने शेवयांची दुसरी वाटी भरून वहिनीच्या हातात दिली, आणि दोघी एका बाजूला बसल्या.

एवढ्यात चिनात्सु आली. ती थडग्यावर फुलांना पाणी घालून परतली होती, काळ्या पोशाखावर चिखलाचे शिंतोडे होते. एकोणतीस वर्षांची, बापासारखी रुंद कपाळाची. दारातच तिला कळलं की विषय आपलाच होता. तिने बूट काढले, नीट लावले, आणि तात्सुहिकोसमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा, वाचलंत ना? बोला. मी तयारीने आलेय."

तयारीने म्हणजे काय, तर ओसाकाहून येताना बसमध्ये तिने बापाच्या सगळ्या संभाव्य हरकती मनात मांडून ठेवल्या होत्या. जुन्या नाटकाची विटंबना झाली म्हणाल, तर असं उत्तर. बाईला जास्त भाव दिला म्हणाल, तर तसं. जे आलं ते मात्र तिच्या यादीत नव्हतं.

"एवढंच सांग," तात्सुहिको म्हणाला, "हारुओचं तुला कुणी सांगितलं?"

"हारुओ कोण?"

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.

तात्सुहिकोला वाटलं पोरगी नाटक करतेय. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाहुल्यांचे चेहरे वाचण्यात त्याचा जन्म गेला होता, माणसाचा त्याला त्यापेक्षा सोपा. तिला खरंच माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी मिळून झाकलेलं आपण आपल्याच तोंडाने उघडं केलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"दादा," मासुयो हळू म्हणाली, "तू पण ना."

मग सांगावंच लागलं. मासुयोने सांगितलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. धक्क्यावर वारा होता. आईने हारुओला नवा विणलेला स्वेटर घातला, गळ्याचं बटण लावलं, आणि म्हणाली, बोटीत बाहेर उभा राहू नकोस. त्याला न्यायला आलेल्या माणसाला बाबा वाकून नमस्कार करत होते. आई त्यानंतर दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तालमीला हजर होती.

चिनात्सु ऐकत होती. तिचा रंग उतरला होता.

"ते... ते ओसाकाचे पाहुणे? नव्या वर्षाला कार्ड पाठवतात ते?"

"तुझे काका."

"मी त्यांना बसथांब्याचा रस्ता सांगितला होता. अंत्यविधीच्या दिवशी. अहो-जाहो करून." ती आईकडे वळली. "आई, मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी हे लिहिलं नसतं. लिहिण्याची छातीच झाली नसती."

"मग आलं कुठून?" तात्सुहिकोचा आवाज आता वेगळा होता. त्यात राग उरला नव्हता, एका कलावंताने दुसऱ्याला विचारावं तसं तो विचारत होता. "स्वेटर आहे तुझ्या पुस्तकात. ती उठायला बघते ते आहे. आमच्या नाटकात ती उठत नाही. दोनशे ऐंशी वर्षांत उठलेली नाही. तुला हे सुचलं कसं?"

"सुचलं नाही. बघितलं."

"कुठे बघितलं?"

"इथेच. आजीच्या हातात."

आता हे नीट सांगायला हवं. आमची बाहुली तिघं मिळून चालवतात. मुख्य माणूस डावा हात तिच्या पाठीतून आत घालून शीर धरतो आणि उजव्याने तिचा उजवा हात. दुसरा तिचा डावा हात चालवतो, तिसरा वाकून पाय. स्त्री-बाहुलीला पाय नसतातच. पायवाला तिच्या झग्याच्या आत मुठी घालून गुडघे दाखवतो. नावाड्याची बायको चालवायचे सेइगो, कारण बाहुली नाचवणारे गावोगाव मिळतात, पण तिला अर्धा तास न हलवता जिवंत ठेवणारा माणूस एका पिढीत एखादाच होतो. आणि तिच्या पायाशी एकतीस वर्षं, गुडघे कायमचे जाईपर्यंत, फुमिए आजी वाकून बसायच्या.

"मी सहा-सात वर्षांची असेन," चिनात्सु म्हणाली. "मला विंगेत बसवायचे, देवघराच्या बाजूला. प्रेक्षकांना बाईचा अलीकडचा गुडघा दिसतो. पलीकडचा फक्त मला दिसायचा. शिपाई मुलाला घेऊन निघाले की अलीकडची मूठ दगडासारखी. आणि पलीकडची मूठ वर यायची. अशी. टाच टेकून माणूस उठायला लागतो ना, तशी. बोटभर. मग परत खाली. दर प्रयोगाला. मला वाटायचं असंच असतं नाटकात. मोठी झाल्यावर पोथी वाचली, त्यात तसं काहीच नव्हतं. ओसाकाला जाऊन बघितलं, तिथेही नव्हतं. तेव्हा कळलं की ते फक्त आजी करायची. बाकी मी काय केलं? ती बाई उठणार होती एवढं मला माहीत होतं. का, ते शोधायला तीनशे पानं लागली."

मासुयोने तोंडावर हात ठेवला. ती त्या काळात समोरच्या उंच बैठकीवरून गात होती, आणि तिला कधी दिसलं नव्हतं. तात्सुहिको नावाडी चालवायचा, आईपासून दोन हातांवर, आणि त्यालाही नाही. आपण आईला उभा जन्म ओळखत होतो असं दोघांनाही वाटत आलं होतं. दोघांनाही त्या घटकेला या मुलीचा हेवा वाटला आणि तिच्याविषयी आदरही वाटला.

देवघराचं सरकतं दार उघडलं. विधीनंतर पडायला आत गेलेले आजोबा झोपलेले नव्हते.

सेइगोंनी विधीचा पोशाख अजून उतरवला नव्हता. त्यांच्या हातात ती प्रत होती. ते सावकाश येऊन बसले. योशिनोने उशी पुढे केली ती त्यांनी बाजूला सारली. महिनाभर त्यांनी ते पुस्तक रोज थोडं थोडं वाचलं होतं. प्रत मधेच गायब होते आणि मग परत येते हे त्यांना ठाऊक होतं. आपलं घर पुस्तक चोरून वाचतंय याची त्यांना मनातून गंमतही वाटली होती. वाचताना त्यांना पोरीचा अभिमान वाटला होता, आणि शेवटी शेवटी तिची भीती. ही सगळं बघते, असं त्यांना वाटलं होतं.

"बाबा," तात्सुहिको म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर—"

"गप्प बस रे जरा. चिना, दोनशे ऐंशीवं पान. वाच. मोठ्याने."

चिनात्सुने पान काढलं. तिचा आवाज आत्यासारखा नव्हता, साधा होता. "'मी उठणार होते. टाच वर झाली होती. तो समुद्राकडे बघत होता. माझ्यात काय चाललंय ते त्याला कधीच कळलं नाही.'"

"थांब." आजोबांनी चष्मा काढला. "सगळं पुस्तक खरं आहे. मी आयुष्यभर जे केलं ते तू उलटं करून आतून दाखवलंस. माझ्या गुरूंनासुद्धा हे जमलं नसतं. पण हे शेवटचं वाक्य खोटं आहे."

"कुठलं, आजोबा?"

"त्याला कधीच कळलं नाही, हे." त्यांनी डावा हात पुढे केला. म्हातारा, काळवंडलेला, मनगटाशी वाकडा झालेला हात. "बाहुलीच्या पोटात हा असतो. खालून कुणी बोटभर उचललं की इथे लागतं. हारुओ गेल्यानंतरचा पहिला प्रयोग होता, तेव्हा लागलं. मला वाटलं तिचा तोल गेला. दुसऱ्या प्रयोगाला परत. मग कळलं. दर वेळी ती बाईला उठवायला बघायची, आणि दर वेळी मी वरून दाबायचो."

"कधी बोललात तिच्याशी?" योशिनोने विचारलं. या घरात असा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता.

"नाही. तीही नाही बोलली. घरी येऊन जेवायचो."

"का दाबायचात?" चिनात्सु म्हणाली.

"ती उठली असती तर खेळ मोडला असता." आजोबांनी हात मागे घेतला. "असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे ती उठली असती, तर मला तिच्याकडे बघावं लागलं असतं."

तात्सुहिकोने मान खाली घातली. त्याने आपल्या बापाला रंगमंचावर शेकडो वेळा पाहिलं होतं, टाळ्या घेताना पाहिलं होतं. इतकं मोठं झालेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं. त्याने खिशातून पेन काढून मुलीपुढे ठेवलं.

"सांगा, आजोबा. काय लिहू?"

"मी काय सांगू. लिहिणारी तू." तरी ते बोलले, एकेक शब्द जोखून. "लिही. त्याला कळलं होतं. दर वेळी कळलं होतं. त्याने हात सैल सोडला नाही."

तिने जुनं वाक्य खोडलं आणि समासात नवं लिहिलं. आजोबांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"आता छापा," ते म्हणाले. "गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि पहिली प्रत त्याला गेली पाहिजे. माझ्या नावाने, नुसती, चिठ्ठीशिवाय. चिठ्ठीत लिहायचं ते आत आलंय." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "पत्ता आहे का कुणाकडे? घर बदललं म्हणे त्याने."

तात्सुहिकोकडे नव्हता. मासुयोकडे नव्हता. नव्या वर्षाच्या कार्डावर तो पत्ता कधी घालतच नसे.

"माझ्याकडे आहे," योशिनो म्हणाली. "सासूबाई दर जूनमध्ये त्याला नवे कांदे पाठवायच्या. जाताना मला म्हणाल्या, बंद करू नकोस, कोण ते विचारू नकोस. मी केले नाहीत."

आजोबा सुनेकडे वळले.

"पोचतात का?" त्यांनी विचारलं.

"रिकामी पेटी परत येते," ती म्हणाली. "दर वर्षी. पुसून, नीट बांधून."